निरक्षरता आपोआप संपेल का? : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रौढ निरक्षरतेविषयी वाचकांनी पाठविलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे. लांब पत्रे संक्षिप्त केली आहेत. प्रश्नाचा रोख मात्र बदललेला नाही.

प्रश्न : आज जवळपास प्रत्येक मूल शाळेत जाते. जी निरक्षरता उरली आहे, ती प्रामुख्याने जुन्या पिढीत आहे आणि ती पिढी सरेल तशी निरक्षरताही सरेल. मग उतारवयातील माणसांना अक्षरे शिकविण्यावर सरकारने पैसा का खर्च करावा? तोच पैसा प्राथमिक शाळांवर खर्च झाला, तर अधिक फायदा होणार नाही का?
— निवृत्त अभियंता, पुणे

आपला प्रश्न अनेकांच्या मनात असतो. आपण तो उघडपणे विचारला, हे बरे झाले. धोरण ठरविणाऱ्या वर्तुळातही हाच विचार दबक्या आवाजात बोलला जातो आणि प्रौढ शिक्षणाच्या वाट्याला नेहमी तुटपुंजी तरतूद येते, त्यामागे बहुतेक वेळा हेच गृहीतक असते.

प्रथम संख्या पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात पंधरा वर्षांवरील निरक्षरांची संख्या २५.७६ कोटी होती. त्यांत पुरुष ९.०८ कोटी आणि स्त्रिया १६.६८ कोटी. त्यानंतर २०१८ पर्यंत चाललेल्या ‘साक्षर भारत’ कार्यक्रमात ७.६४ कोटी लोकांना साक्षरतेचे प्रमाणपत्र मिळाले. हे सारे खरोखर साक्षर झाले आणि साक्षर राहिले असे मानले, तरी सुमारे १८.१२ कोटी प्रौढ उरतात आणि केंद्र सरकारनेही पुढील कार्यक्रम आखताना हाच आकडा धरला आहे. महाराष्ट्राचा साक्षरतेचा दर २०११ मध्ये ८२.३४ टक्के होता. पुरुषांत तो ८८.३८ टक्के, तर स्त्रियांत ७५.८७ टक्के होता. म्हणजे आपल्या प्रगत म्हणविणाऱ्या राज्यात सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी जवळपास एकीला वाचता येत नव्हते. नंदुरबार जिल्ह्यात तर स्त्री-पुरुष मिळून दर ६४.३८ टक्के एवढाच होता.

आता ‘जुनी पिढी’ म्हणजे नेमके कोण, हे पाहू. २०११ मध्ये पस्तीस वर्षांची असलेली निरक्षर स्त्री आज पन्नाशीत आहे आणि तिच्यापुढे आणखी वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य आहे. शिधापत्रिकेतील नावे, सातबाऱ्यावरील वारसनोंद, पतीच्या पश्चात मिळणारे निवृत्तिवेतन, मधुमेहाच्या गोळ्या, नातवंडांचे शाळाप्रवेश हे आयुष्यातील सर्वांत कागदी व्यवहार याच वर्षांत यायचे आहेत. ‘ती पिढी सरेल’ या शब्दांत या स्त्रीने ही पंचवीस वर्षे दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचत काढावीत, अशी अपेक्षा दडलेली आहे. असे कोणालाही तोंडावर सांगण्याचे धैर्य आपल्याला होणार नाही. मग धोरणात तरी ते का असावे?

शिवाय निरक्षरतेत नव्याने भर पडणे थांबलेले नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील ऊसतोड कामगारांची टोळी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघते आणि गाळप हंगाम संपल्यावर परतते. आईवडिलांबरोबर फडावर गेलेल्या मुलाचे नाव पटावर असते, पण शाळेचे निम्मे वर्ष त्याच्या हातून निसटलेले असते. अशी दोन-तीन वर्षे गेली की ते मूल तिसरी-चौथीच्या वर्गात बसते खरे, मात्र वाचू शकत नाही आणि पुढे शाळाच सोडते. दहा वर्षांनी प्रौढ निरक्षरांच्या मोजणीत तेच पुन्हा भेटते.

राहिला प्राथमिक शाळांचा मुद्दा. ‘शाळा की प्रौढ शिक्षण’ अशी निवडच मला मान्य नाही, कारण मुलाचे शिक्षण आईच्या साक्षरतेशी घट्ट बांधलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा एकूण जननदर (म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले) २.८, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रियांचा १.८ आढळला. बालमृत्यू, लसीकरण, कुपोषण यांतही आईच्या शिक्षणानुसार पडणारा फरक या पाहण्यांत वारंवार दिसला आहे. याचे सारे श्रेय अक्षरओळखीला देता येणार नाही, कारण शिकलेल्या स्त्रीचे घर बहुधा थोडे सुस्थितीतही असते. तरीही लसीकरणाच्या कार्डावरील पुढची तारीख स्वतः वाचणारी आई आणि ती तारीख कोणाला तरी विचारावी लागणारी आई यांच्यातील फरक कोणत्याही अंगणवाडी सेविकेला विचारा. ती तो उदाहरणासह सांगेल.

प्रश्न : निरक्षरतेमुळे समाजाचे नुकसान होते, असे आपण म्हणतो. पण ज्याला वाचता येत नाही, त्याचेच तर नुकसान होते. त्याची झळ समाजाला लागल्याचा एखादा ठोस पुरावा द्याल का?
— विधी शाखेचा विद्यार्थी, बारामती

पुरावा आपल्याच तालुक्यात आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली आणि पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात हा उठाव ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदला गेला आहे. त्यातील एक गोष्ट फार बोलकी आहे. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, गहाणखते, न्यायालयाचे हुकूमनामे जिथे सापडतील तिथून बाहेर काढून जाळण्यात आले आणि ज्या सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, त्याला बहुतेक ठिकाणी फारसा त्रास झाला नाही.

या उठावाची कारणे अनेक होती. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते, सरकारने जमिनीचा सारा वाढविला होता आणि नव्या दिवाणी न्यायालयांनी सावकाराच्या हाती जप्तीचे हत्यार दिले होते. या सर्वांच्या मुळाशी मात्र एक साधी वस्तुस्थिती होती. ज्या कागदाखाली शेतकऱ्याने नांगराची किंवा अंगठ्याची निशाणी केली होती, त्यावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नव्हते आणि न्यायालय त्या लिहिलेल्यालाच सत्य मानत होते. घेतले किती, फेडले किती, व्याज कोणत्या दराने, यांपैकी काहीही त्याला तपासून पाहता येत नव्हते.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकासमोरच लिहिला जावा, सावकाराने रकमेची लेखी पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे, अशी तरतूद त्यात झाली. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण ती पावती आणि ते पासबुक वाचायचे कोणी? ज्याच्या संरक्षणासाठी हा कायदा होता, तो शेतकरी पुन्हा कोणाकडून तरी वाचून घेण्यासाठी उंबरे झिजवीत राहिला. दंगली, त्यांचा बंदोबस्त, आयोग, ग्रामनिबंधकांची नवी यंत्रणा, वाढलेले दावे हा सारा खर्च समाजाने उचलला, आणि अक्षरे शिकविण्याचे मूळ काम मात्र तसेच राहिले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी पुण्यात रात्रीची शाळा १८५५ मध्येच, म्हणजे या उठावाच्या वीस वर्षे आधी काढली होती, याची येथे आठवण होते.

आपण कायद्याचे विद्यार्थी आहात, म्हणून आजचे एक उदाहरण देतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. प्रत्यक्षात वडील गेल्यावर काही दिवसांतच हक्कसोड पत्राचा मसुदा तयार होतो, बहिणीला गाडीतून दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते, छायाचित्र निघते, अंगठा घेतला जातो. ‘मजकूर वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे’ असे दस्तातच लिहिलेले असते. काही बहिणी समजून-उमजून, माहेरचे दार उघडे राहावे म्हणून हक्क सोडतात. तो त्यांचा निर्णय आहे. ज्या बहिणीला ‘वारसनोंदीचा कागद आहे’ एवढेच सांगितलेले असते, तिच्याबाबतीत मात्र पाच-सात वर्षांनी दस्त रद्द करण्याचा दावा उभा राहतो. तो कनिष्ठ न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळतो, जमिनीवर कर्ज मिळत नाही, भावाबहिणींचे बोलणे तुटते. आपण वकिली सुरू कराल, तेव्हा असे दावे आपल्याकडे येतीलच. मजकूर खरोखर वाचून दाखविला होता का आणि तो कोणी वाचला, हा प्रश्न उलटतपासणीत विचारायला विसरू नका.

प्रश्न : निरक्षरतेमुळे देशाचे किती रुपयांचे नुकसान होते, याचा काही हिशेब उपलब्ध आहे का? मी बँकेत काउंटरवर काम करतो. निरक्षर ग्राहकांमुळे आमचा वेळ जातो हे दिसते, पण त्यापलीकडे काही मोजता येते का?
— बँक कर्मचारी, कोल्हापूर

जगाच्या पातळीवर एक आकडा नेहमी दिला जातो : जागतिक साक्षरता प्रतिष्ठानाच्या अंदाजानुसार निरक्षरतेमुळे जगाचे दरवर्षी एक लाख कोटी डॉलरहून अधिक नुकसान होते. कमी वेतन, घटलेली उत्पादकता, आरोग्यावरील आणि कल्याणकारी योजनांवरील जादा खर्च अशा गोष्टी धरून असे अंदाज बांधतात. मी या आकड्यावर फारसा विसंबत नाही. त्यांत अनेक गृहीतके असतात, आणि ऊस तोडणाऱ्या बाईला वाचता आले म्हणून तिची मजुरी वाढेलच, असेही नाही.

आपण ज्या काउंटरवर बसता, तिथे मात्र यातील पुष्कळसे उघड दिसत असणार. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले पासबुक घेऊन एखादी बाई येते आणि रांगेतील एखाद्या शाळकरी मुलीला ‘चष्मा घरी राहिला गं, एवढी स्लिप भरून दे’ असे सांगते. तिला चष्मा मुळात नसतोच. स्लिपवर रक्कम किती लिहिली गेली, हे तिला पैसे हातात पडल्यावर कळते. निरक्षर खातेदाराला सहसा चेकबुक मिळत नाही. पैसे काढायला तिला स्वतः यावे लागते आणि आपल्याला तिचा अंगठा व छायाचित्र पडताळावे लागते. म्हणजे प्रत्येक वेळी तिची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते आणि रांगेतल्या इतरांचाही वेळ जातो. आजारी पडली, तर तिचे पैसे खात्यात असूनही तिच्या उपयोगी पडत नाहीत. नोकरीच्या बाबतीतही असेच घडत आले आहे : वर्षानुवर्षे गाडी चालविणाऱ्या माणसालाही आठवी उत्तीर्ण नसल्यामुळे व्यावसायिक वाहनाचा परवाना मिळत नसे. ही अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. तोवर किती कुशल हात कमी मजुरीवर राबले असतील, याची नोंद कुठेही नाही.

मात्र निरक्षर म्हणजे हिशेबात कच्चा, असा समज काउंटरच्या आतल्या बाजूला असेल, तर तो सोडून द्यावा. सातारा जिल्ह्यातील म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी ग्रामीण स्त्रियांची सहकारी बँक काढायचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या स्त्रियांनी लिहिणे-वाचणे शिकायला सुरुवात केली आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना सांगितले की, आम्हाला कोणतीही मुद्दल द्या आणि व्याज विचारा. तुम्हीही यंत्राशिवाय हिशेब करा, पाहू कोणाचा आधी होतो. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. बाजारात बसून भाजी विकणारी, शेळ्यांचा सौदा करणारी स्त्री टक्केवारी तोंडी करते. तिला कागदावरचा आकडा वाचता येत नाही म्हणून तिचे हे कौशल्य बँकेच्या दारातच अडते, आणि समाज ज्या नफ्याला मुकतो तो हाच. तो मोजणारे कोष्टक अजून कोणी केलेले नाही.

प्रश्न : ज्यांना जाहीरनामा वाचता येत नाही, त्यांनी मत कशाच्या आधारावर द्यावे? निरक्षरतेची किंमत लोकशाहीच मोजते आहे, असे वाटत नाही का?
— शिक्षक, लातूर

नाही, मला तसे वाटत नाही. १९५१ मध्ये देशाचा साक्षरतेचा दर १८.३३ टक्के होता. त्या वेळी शिक्षणाची अट घातली असती, तर देशातील बहुसंख्य लोक, आणि स्त्रियांपैकी तर नव्वद टक्क्यांहून अधिक, मतदानाबाहेर राहिले असते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवून तीवर चिन्ह लावले गेले आणि निरक्षर मतदाराने आपले काम चोख केले. अडचण मतदानानंतर सुरू होते. ग्रामसभेत कोणता ठराव लिहिला गेला, रोजगार हमीच्या हजेरीपटावर किती दिवस भरले, घरकुलाच्या यादीत आपले नाव कितव्या क्रमांकावर आहे, हे ज्याला वाचता येत नाही, त्याला जाब विचारणे जड जाते. गावातील निम्मी माणसे जाब विचारू शकत नसतील, तर शिकलेल्यांनाही चांगला कारभार मिळत नाही. महाराष्ट्रात १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना ग्रामपंचायत निवडणुकीसाठी सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. मला ती पटत नाही, कारण शाळा न मिळण्याची शिक्षा ती शाळा न मिळालेल्यालाच करते.

प्रश्न : आता मोबाइल बोललेले ऐकतो आणि लिहिलेले वाचूनही दाखवितो. आमच्या दुकानात येणारे निरक्षर ग्राहकसुद्धा बोलून निरोप पाठवितात, चित्रफिती पाहतात, क्यूआर कोडवर पैसे देतात. मग अक्षरे शिकण्याची गरज उरली आहे का?
— मोबाइल दुकानदार, सोलापूर

मोबाइलने निरक्षर माणसाचा एकटेपणा पुष्कळ कमी केला आहे, हे खरे आहे. परगावी राबणाऱ्या मुलाशी चित्रावर बोलणारी आई मी पाहिली आहे. त्या आनंदाला कमी लेखण्याचे काही कारण नाही.

परंतु आपण आपल्या दुकानातीलच दुसरी बाजू आठवून पाहा. किती ग्राहक आपला मोबाइल आपल्या हाती देऊन ‘तुम्हीच करा’ म्हणतात? किती जणांचा पिन आपल्याला ठाऊक असतो? आज शासकीय योजनेचा लाभ घ्यायचा तर आधार क्रमांकाशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो सांगितला की संमती दिली असे धरले जाते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी किती स्त्रिया दुसऱ्याच्या हाती मोबाइल देऊन उभ्या राहिल्या, हे आपण जवळून पाहिले असेल. ओटीपीच्या संदेशात ती संख्या कशासाठी आहे आणि रक्कम किती आहे, हे लिहिलेले असते. नेमके तेच त्या स्त्रीला वाचता येत नाही. पूर्वी अंगठा उठविण्यासाठी निदान तिला जागेवर न्यावे लागत असे. आता ती घरी बसलेली असतानाही तिची संमती घेता येते. खाते बंद पडणार असल्याची धमकी, वीज तोडण्याचा इशारा, बक्षिसाची लिंक असे फसवे संदेश साक्षरांनाही चकवतात, मग ज्याला संदेशातील एकही शब्द तपासता येत नाही त्याची काय कथा.

मोबाइल वाचून दाखवितो हेही अर्धेच खरे आहे. औषधाच्या पट्टीमागची मुदत, एस.टी.वरची पाटी, रेशन दुकानाच्या पावतीवरील किलोचा आकडा, विहिरीजवळच्या फवारणीच्या डब्यावरील धोक्याची सूचना हे वाचण्यासाठी दरवेळी कॅमेरा उघडणे कोणाला जमणार? आपण तरुण दुकानदार आहात आणि आपल्याकडे ही माणसे विश्वासाने येतात, म्हणून एक विनंती करतो : ग्राहकाच्या वतीने व्यवहार करण्याआधी संदेश मोठ्याने वाचून दाखवा आणि पिन त्याला स्वतःच्या बोटांनी दाबायला लावा. अंक ओळखणे तेथूनच सुरू होते.

प्रश्न : गोवा ३० मे २०२५ रोजी पूर्ण साक्षर घोषित झाला. आता येथे या विषयावर काही करण्यासारखे उरले आहे का?
— वाचनालयाचे कार्यकर्ते, फोंडा

गोव्याचे अभिनंदन. या घोषणेमागे पंचाण्णव टक्क्यांचा निकष असतो, म्हणजे ‘पूर्ण’ म्हटल्यावरही काही माणसे उरतातच. गोव्यात ती बहुधा बांधकामावर आणि मासेमारीच्या ट्रॉलरवर राबणाऱ्या स्थलांतरित मजुरांत सापडतील. तिथे पोहोचायचे तर त्यांच्या भाषेत शिकविणारा माणूस लागेल.

त्याहून मोठे काम टिकविण्याचे आहे. आमच्याकडे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातील शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना शिकवायचे आणि सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करायचा, अशी तिची रीत होती. त्या काळात गावेच्या गावे ईर्षेने शिकली आणि जगाने या मोहिमेची दखल घेतली. अशा मोहिमांचा पुढचा अनुभव मात्र सारखाच आहे : ज्याला वाचायला नंतर काहीच मिळत नाही, तो दोन-तीन वर्षांत अक्षरे विसरतो आणि पुन्हा सहीपुरता साक्षर उरतो. केरळ १८ एप्रिल १९९१ रोजी साक्षर घोषित झाला, तेव्हा तिथे गावोगावी ग्रंथालये आधीपासून होती आणि नंतर चौथी, सातवी, दहावीच्या समकक्ष वर्गांची सोय झाली. आपण वाचनालयात काम करता, तेव्हा मोठ्या टाइपातील, छोट्या वाक्यांच्या आणि प्रौढांच्या विषयांवरील पुस्तकांचे एक कपाट वेगळे काढा. मुलांची गोष्टीची पुस्तके त्यात ठेवू नका. साठीच्या माणसाला चिमणी-कावळ्याची गोष्ट वाचायला दिली, तर तो पुन्हा येत नाही.

प्रश्न : माझी आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिला फक्त सही करता येते. मी तिला दोनदा शिकविण्याचा प्रयत्न केला, पण चार दिवसांत ती ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून पाटी बाजूला ठेवते. माझी चिडचिड होते, तिला वाईट वाटते. कसे शिकवावे?
— परिचारिका, ठाणे

सर्वांत आधी तिचे डोळे तपासून घ्या. आपण परिचारिका आहात, तेव्हा हे आपल्याला अवघड नाही. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसू लागते. वाचणाऱ्या माणसाला ते लगेच कळते आणि तो चष्मा घेतो. न वाचणाऱ्याला ते कळत नाही. ती पाटीवर पाहते, अक्षर पसरट दिसते आणि दोष डोक्याचा आहे अशी तिची समजूत होते. प्रौढ वर्ग अर्ध्यावर सोडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना केवळ साध्या चष्म्याची गरज असते आणि तरीही वर्ग सुरू करताना डोळ्यांची तपासणी क्वचितच होते.

दुसरे म्हणजे ‘अ अननसाचा’पासून सुरुवात करू नका. मुळाक्षरे आणि बाराखडी क्रमाने संपवायला महिने लागतात आणि तोवर तिच्या हाती वाचलेला एकही उपयोगी शब्द येत नाही. तिच्या सहीपासून सुरुवात करा. ती सही चित्रासारखी काढते. त्यातील प्रत्येक अक्षर सुटे करून दाखवा आणि तेच अक्षर आणखी कुठे भेटते ते तिलाच शोधायला लावा. नंतर गावाचे नाव, नातवंडांची नावे, ती ज्या बसने जाते तिच्या पाटीवरील ठिकाण, तिच्या गोळ्यांच्या पाकिटावर आपण मराठीत लिहिलेले ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ हे शब्द घ्या. अंक तिला बहुधा अर्धेअधिक येतातच. नोटा ती ओळखते. मोबाइलवर आपला क्रमांक तिने पाहून लावला, त्या दिवशी तिचा अर्धा धीर परत आलेला असेल.

वेळ तिला ठरवू द्या. स्वयंपाक आटोपल्यावर, दुपारी अर्धा-पाऊण तास पुरे आणि लग्नसराईत किंवा सणासुदीला खंड पडला तर पडू द्या. नातवंडांसमोर तिची चूक काढू नका. तिने अर्धवट वाचलेला शब्द आपण झटकन पुरा करून टाकणे हीसुद्धा चूक काढणेच असते; थोडे थांबा. आणि शक्य असेल तर तिला एकटीला शिकवू नका. ठाणे जिल्ह्यातच, मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारच्या वेळी शाळेत जाऊ लागल्या. पोथी स्वतः वाचता यावी, ही त्यांची इच्छा होती. त्या टिकल्या, याचे एक कारण मला असे वाटते की सगळ्याच एकमेकींसमोर चुकत होत्या. आपल्या इमारतीत किंवा चाळीत आईसारख्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील. त्यांनी ते आजवर कोणाला सांगितले नसेल, एवढेच.

सध्या ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ २०२७ पर्यंत चालणार आहे आणि पंधरा वर्षांवरील कोणालाही त्यात नाव नोंदविता येते. वयाची वरची मर्यादा नाही. जवळच्या जिल्हा परिषद किंवा महानगरपालिका शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. आईची नोंद शिकणारी म्हणून आणि आपली स्वतःची नोंद स्वयंसेवक म्हणून करता येईल. काही महिन्यांच्या अभ्यासानंतर चाचणी होते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी पन्नास, असे एकूण दीडशे गुण असतात आणि उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळते. चाचणीचे नाव काढताच आई घाबरेल, म्हणून ते आत्ता काढू नका. तिला बसची पाटी न विचारता वाचता येऊ लागली, म्हणजे मग विचारा. तिने तेव्हाही नको म्हटले, तर आग्रह धरू नका. मात्र शिकविणे चालू ठेवा, आणि बँकेच्या पुढच्या फेरीला स्लिप तिलाच भरू द्या. आपण बाजूला उभ्या राहा. रांगेतील लोक थोडे थांबतील.